दीर्घ आजारातील वेतन : हक्क कोठवर, स्वेच्छाधिकार कोठून?

घरातील कमावती व्यक्ती आठवडाभर आजारी पडली, तर संसाराची घडी फारशी विस्कटत नाही. आजार सहा महिने, वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लांबला, की मात्र दोन संकटे एकाच वेळी दारात उभी राहतात. औषधोपचाराचा खर्च वाढत जातो आणि पगाराचा ओघ आटत जातो. अशा काळात नोकरदाराला किती वेतन मिळते, किती काळ मिळते आणि ते कोणाच्या निर्णयावर अवलंबून असते, हे प्रश्न प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचे आहेत. तरीही आजाराने गाठल्यावरच बहुतेकांना नियमांची आठवण होते. त्या वेळी रुग्ण अंथरुणावर असतो, घरची माणसे रुग्णालयात अडकलेली असतात आणि कार्यालयात अर्ज मात्र गेलेला नसतो.

आजारातील वेतनाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग सेवेने किंवा वर्गणीने कमावलेला असतो. ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की तो मिळतो. दुसरा भाग मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या किंवा मालकाच्या स्वेच्छाधिकारात येतो. तो मिळेलच असे नाही. मात्र योग्य वेळी आणि योग्य आधारासह मागितला, तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. या दोन भागांमधील सीमारेषा समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

थोडी पूर्वपीठिका

आजारी कामगाराला वेतनाची हमी कायद्याने द्यावी, हा विचार फार जुना नाही. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीच्या आजारविम्याचा कायदा केला. भारतात १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. आडारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला आणि स्वातंत्र्यानंतर त्यातून कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ साकार झाला. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबई येथील कामगारांपर्यंत पोहोचली.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यांच्यासाठी विम्याऐवजी रजेची पद्धत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ हे १५ ऑगस्ट १९८१ पासून अमलात आले. शासकीय कर्मचाऱ्याच्या दीर्घ आजारातील वेतनाचा विचार प्रामुख्याने याच नियमांनुसार होतो. जिल्हा परिषदा आणि मान्यताप्राप्त खाजगी शाळा यांतील कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र सेवानियम लागू असतात.

रजेची शिदोरी

रजा नियमांचे एक मूलभूत तत्त्व असे की, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीसाठी सक्षम अधिकारी ती नाकारू शकतो किंवा मंजूर केलेली रजा रद्दही करू शकतो. हे वाक्य वाचून अनेक कर्मचारी बिचकतात. परंतु त्याच नियमांनी अधिकाऱ्यावरही एक बंधन घातले आहे. जी रजा कर्मचाऱ्याच्या खाती शिल्लक आहे आणि जी त्याने मागितली आहे, तिचा प्रकार अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने बदलता येत नाही. म्हणूनच आपल्या खाती कोणती रजा किती आहे, हे कर्मचाऱ्याला नेमके ठाऊक असले पाहिजे.

पहिली म्हणजे अर्जित रजा. ती दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस याप्रमाणे खाती जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठविता येते. या रजेच्या काळात पूर्ण वेतन मिळते.

दुसरी म्हणजे अर्धवेतनी रजा. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ती २० दिवस मिळते. या काळात निम्मे वेतन आणि त्या प्रमाणात महागाई भत्ता मिळतो.

तिसरी परिवर्तित रजा. ही खरे पाहता स्वतंत्र रजा नव्हे. अर्धवेतनी रजेचेच ते दुसरे रूप आहे. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे शिल्लक अर्धवेतनी रजेच्या निम्म्या दिवसांपर्यंत पूर्ण वेतनावर रजा घेता येते. मात्र अशा प्रत्येक दिवसासाठी अर्धवेतनी रजेतून दोन दिवस खर्ची पडतात. कर्मचारी पुन्हा कामावर रुजू होण्याची वाजवी शक्यता आहे, अशी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते.

चौथी अनर्जित रजा. हिला पुढील सेवेतून केलेली उसनवारी म्हणावयास हरकत नाही. कायम कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवेत अधिकाधिक ३६० दिवसांपर्यंत ती देता येते. या काळात वेतन निम्मे मिळते आणि पुढे कमावल्या जाणाऱ्या अर्धवेतनी रजेतून ती वळती होते. येथेही कामावर परतण्याची वाजवी शक्यता पाहिली जाते. परतल्यावर उरलेल्या सेवेत जेवढी अर्धवेतनी रजा कमावता येईल, तेवढीच उसनवारी मंजूर होते.

पाचवी आणि शेवटची असाधारण रजा. खाती दुसरी कोणतीही रजा उरलेली नसताना ती दिली जाते आणि तिच्या काळात वेतन मिळत नाही. कायम नसलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, सेवेची वर्षे आणि आजाराचे स्वरूप पाहून तिच्या मुदतीच्या मर्यादा ठरविण्यात आल्या आहेत. वेतन नसले तरी या रजेचे मोल कमी नाही. ती मंजूर असल्यामुळे नोकरी टिकून राहते आणि गैरहजेरीचा ठपका येत नाही.

याशिवाय क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात या व्याधींसाठी रजा नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. प्रमाणपत्रात केवळ ‘आजारी’ किंवा ‘विश्रांतीची गरज’ एवढेच लिहिलेले असेल, तर या तरतुदीचा विचार कार्यालयाला करता येत नाही. रोगाचे निदान स्पष्ट लिहून घेणे अगत्याचे आहे, ते यासाठीच.

एक उदाहरण

समजा, एका कायम लिपिकाची सेवा १२ वर्षे झाली आहे. त्याने एकूण २४० दिवस अर्धवेतनी रजा कमावली आणि त्यांतील ४० दिवस पूर्वी वापरले. आता त्याच्या खाती २०० दिवस अर्धवेतनी आणि ६० दिवस अर्जित रजा आहे. त्याला २७० दिवसांच्या उपचारांची गरज आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून मधल्या काळात खाती जमा होणारी नवी रजा येथे धरलेली नाही.

पहिल्या पद्धतीत तो ६० दिवस अर्जित रजा आणि १०० दिवस परिवर्तित रजा घेईल. म्हणजे पहिले १६० दिवस त्याला पूर्ण वेतन मिळेल. उरलेल्या ११० दिवसांसाठी त्याला अनर्जित रजा मागावी लागेल आणि त्या काळात निम्मे वेतन मिळेल. ही ११० दिवसांची उसनवारी फिटण्यास वर्षाला २० दिवस या दराने साडेपाच वर्षांची सेवा लागेल.

दुसऱ्या पद्धतीत तो ६० दिवस अर्जित रजा आणि २०० दिवस अर्धवेतनी रजा घेईल. पहिले दोन महिने पूर्ण वेतन आणि पुढील काळ निम्मे वेतन मिळेल. परंतु २६० दिवस त्याच्या स्वतःच्या कमाईतच भागतील. उसनवारी केवळ १० दिवसांची राहील.

शस्त्रक्रियेचा मोठा खर्च आरंभीच येणार असेल, तर पहिली पद्धत सोयीची ठरेल. आजार किती लांबेल याचा अंदाज नसेल किंवा सेवानिवृत्ती जवळ आली असेल, तर दुसरी अधिक सुरक्षित ठरेल. याच लिपिकाची तीनच वर्षे सेवा उरली असती, तर त्याला ६० दिवसांहून अधिक अनर्जित रजा मिळू शकली नसती आणि पहिल्या पद्धतीत ५० दिवस बिनपगारी गेले असते. अर्ज करण्यापूर्वी आस्थापना शाखेकडून रजालेख्याचा उतारा घेऊन असा हिशेब मांडणे हिताचे असते.

स्वेच्छाधिकार म्हणजे मनमानी नव्हे

वरील उदाहरणात रजेची शिल्लक हा आकड्यांचा प्रश्न होता. परिवर्तित व अनर्जित रजा देताना मात्र अधिकाऱ्याला स्वतःचा निर्णय करावा लागतो. कर्मचारी कामावर परतेल का? प्रमाणपत्र पुरेसे आहे का? दुसऱ्या वैद्यकीय मताची आवश्यकता आहे का? या प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावयाची असतात. केवळ प्रमाणपत्र सादर केल्याने रजेचा हक्क निर्माण होत नाही आणि गरज वाटल्यास अधिकारी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत मागवू शकतो. कर्मचाऱ्याने यात अविश्वास मानू नये. शासकीय रुग्णालयाचे मत अनुकूल आले, की त्याचाच अर्ज अधिक भक्कम होतो.

दुसऱ्या बाजूने, हा अधिकार प्रकरणाच्या गुणावगुणांवर वापरावयाचा असतो. एकाच प्रकारच्या दोन प्रकरणांत दोन वेगळे निर्णय झाले, तर त्याचे कारण कागदावर असले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेचे तत्त्व शासनाच्या प्रत्येक निर्णयाला लागू आहे. आजार बरा होण्याविषयी डॉक्टरांना खात्री देता येत नाही, एवढ्याच कारणावरून रजा नाकारलीच पाहिजे असेही नियमांना अभिप्रेत नाही.

गैरहजेरीच्या प्रकरणांत याला विशेष महत्त्व येते. रजा संपल्यावर मंजुरीवाचून गैरहजर राहिल्यास त्या काळाचे रजावेतन मिळत नाही आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी शिस्तभंगास पात्र ठरते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, प्रत्येक अनधिकृत गैरहजेरी ही हेतुपुरस्सर असतेच असे नाही. आजार, अपघात किंवा रुग्णालयातील वास्तव्य अशा आवाक्याबाहेरच्या कारणांमुळेही माणूस कामावर येऊ शकत नाही. गैरहजेरी हेतुपुरस्सर होती, हे चौकशीत सिद्ध व्हावे लागते.

अपंगत्व आल्यास

दीर्घ आजारातून काही वेळा कायमचे अपंगत्व येते. पक्षाघाताने हात निकामी होतो किंवा दृष्टी जाते. अशा वेळी ‘आता राजीनामा द्यावा लागणार’ अशी समजूत करून घेऊन काही कर्मचारी स्वतःहून नोकरी सोडतात. ही समजूत चुकीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने सेवेतून कमी करावयाचे नाही किंवा त्याला खालच्या पदावर आणावयाचे नाही. तो पूर्वीचे काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावयाचे आहे. तेही शक्य नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावयाचे आहे. येथे कायद्याने स्वेच्छाधिकाराला जागाच ठेवलेली नाही. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी ही तरतूद प्रत्येकाने लक्षात घ्यावी.

कारखान्यातील आणि दुकानातील कामगार

कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला आजारलाभ मिळतो, तो त्याने आणि त्याच्या मालकाने भरलेल्या वर्गणीतून. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आणि दिव्यांग कामगारांसाठी २५,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर मालकासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगारासाठी ०.७५ टक्का असा कमी करण्यात आला. १९४८ चा अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

योजनेनुसार सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास, त्यास अनुसरून येणाऱ्या लाभ-काळात कामगार आजारलाभास पात्र ठरतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्च या काळातील वर्गणीचा लाभ पुढील जुलै ते डिसेंबर या काळात मिळतो. लाभाचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असून वर्षातून अधिकाधिक ९१ दिवस तो मिळतो. आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः धरले जात नाहीत. ज्या दिवसांची पगारी रजा घेतली असेल, त्या दिवसांसाठी हा लाभ मिळत नाही.

ज्याचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे, त्या कामगाराला आजारपणात दररोज ४२० रुपये, म्हणजे ९१ दिवसांचे ३८,२२० रुपये मिळतील.

आजार ९१ दिवसांत आटोपला नाही तर काय? यासाठी विस्तारित आजारलाभाची तरतूद आहे. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडे निकामी होणे, तीव्र मनोविकार यांसारख्या ३४ दीर्घकालीन व्याधींसाठी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. वरील कामगाराच्या बाबतीत हा दर दररोज ४८० रुपये होईल. त्यासाठी किमान दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी ही अट आहे.

व्याधी या यादीत नसेल तरीही दार पूर्ण बंद होत नाही. दुर्मीळ पण बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारात, किंवा औषधाच्या विपरीत परिणामामुळे प्रकृती सुधारण्यास विलंब लागत असल्यास, वैद्यकीय शिफारशीवरून वाढीव मुदतीचा लाभ मंजूर करण्याचा अधिकार महामंडळाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहे. स्वेच्छाधिकाराची ही जागा पुष्कळ कामगारांना माहीत नसते. यादीत नाव नाही असे समजताच ते परत फिरतात. अशा वेळी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटून तज्ज्ञांच्या अहवालासह विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठविण्याची विनंती करावी.

दोहोंच्या मधला वर्ग

शासकीय सेवेत नाही आणि विमा योजनेच्या वेतनमर्यादेतही नाही, अशा नोकरदारांची संख्या शहरांत वाढते आहे. दुकाने व आस्थापनांसाठी असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठविता येणारी पगारी रजा आहे. दीर्घ आजारासाठी एवढी शिल्लक अपुरी पडते. त्यापुढील वेतन नेमणूकपत्र, कंपनीचे सेवानियम किंवा कामगार संघटनेशी झालेला करार यांवर ठरते. यांपैकी कशातही उल्लेख नसेल, तर ते पूर्णतः मालकाच्या इच्छेवर राहते.

या वर्गातील नोकरदारांनी प्रकृती ठणठणीत असतानाच दोन गोष्टी कराव्यात. नेमणूकपत्रातील आजारविषयक कलम वाचावे. ‘व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार’ अशी शब्दयोजना तेथे असेल, तर ते वेतन हक्काचे नाही हे ओळखून आपली बचत आणि विमा यांची आखणी करावी. प्रत्यक्ष आजारात मागणी करावयाची झाल्यास ती लेखी करावी. उपचारांचा अपेक्षित काळ, परतण्याची संभाव्य तारीख आणि आरंभी अर्धा वेळ किंवा हलके काम करण्याची तयारी यांचा तीत उल्लेख करावा. माणूस परतणार आहे याची खात्री पटली, की मालकाचा निर्णय अनुकूल होण्याची शक्यता वाढते.

कागद वेळेवर हवा

दीर्घ आजारातील वेतन अडकण्याचे कारण पुष्कळदा नियमांत नसून कागदपत्रांत असते. काही साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या, तर बरीच यातायात वाचते.

पहिला अर्ज लगेच पाठवावा. रुग्णाला सही करणे शक्य नसल्यास घरातील व्यक्तीने आजाराची लेखी खबर द्यावी आणि पोच घ्यावी.

प्रमाणपत्रात निदान, उपचारांचा आरंभ आणि रजेची शिफारस केलेली मुदत ही तिन्ही असावीत. एका प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी दुसरे सादर करावे. मध्ये खंड पडला, की तेवढ्या दिवसांचा प्रश्न निर्माण होतो.

अर्जात रजेचा प्रकार स्पष्ट लिहावा. ‘रजा मंजूर व्हावी’ एवढेच लिहिल्यास निवड कार्यालयाच्या हाती जाते. असाधारण रजा घ्यावी लागल्यास ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर मंजूर झाल्याचा उल्लेख आदेशात आहे ना, हे पाहावे.

कामावर परतताना प्रकृती सुदृढ असल्याचे प्रमाणपत्र सोबत आणावे. अर्ज नाकारला गेल्यास कारणांसह लेखी उत्तर मागावे. पुढील अपिलाचा तोच पाया असतो.

कार्यालय प्रमुखांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. आजारी कर्मचाऱ्याच्या घरी नोटीस जाण्यापूर्वी त्याच्या रजालेख्याचा उतारा आणि मागणीचा नमुना गेला, तर अर्धी प्रकरणे वादापर्यंत पोहोचणारच नाहीत.

सेवेच्या प्रत्येक वर्षाबरोबर साठत गेलेली रजा आणि दरमहा वेतनातून कापली गेलेली वर्गणी ही श्रमाचीच पुंजी आहे. आजारपणात ती मागताना कोणीही संकोच बाळगण्याचे कारण नाही. ती पुंजी जेथे संपते, तेथे माणसाच्या विवेकावर सोपविलेला अधिकार सुरू होतो. मागणाऱ्याने पूर्ण माहिती द्यावी आणि देणाऱ्याने सकारण निर्णय करावा, एवढे घडले तरी आजारी माणसाच्या घरातील चूल पेटती राहण्यास मोठा हातभार लागेल.